टोरंटोतील करमणुकीची ठिकाणे : पुन्हा जावेसे कुठे वाटते?

भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की टोरंटोतल्या बहुतेक मराठी घरांत पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. एका शनिवारी सीएन टॉवर, पुढच्या शनिवारी नायगारा, त्यानंतर एखादे देऊळ आणि एखादा मॉल. मग घरातली माणसे आपापल्या कामाला लागतात आणि पाहुण्यांचे उरलेले चार-पाच महिने खिडकीतून पार्किंगकडे पाहण्यात जातात. माझे आईवडील गेल्या बारा वर्षांत चार वेळा येथे येऊन राहिले आणि पहिल्या खेपेला आम्हीही जवळजवळ हेच केले होते. दुसऱ्या खेपेला मात्र विमानतळावरून घरी येतानाच वडिलांनी विचारले, "त्या बेटावर परत कधी जायचे?" टॉवरचे नावही त्यांनी काढले नाही. तेव्हापासून या शहरातल्या प्रत्येक ठिकाणाला मी हीच कसोटी लावते, की एकदा पाहून झाल्यावर तेथे पुन्हा पाऊल वळते का. पुढचे सगळे लिखाण त्या कसोटीवर आणि आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या अनुभवावर आधारलेले आहे.

टॉवरपासूनच सुरुवात करते, कारण तो वगळून टोरंटो पाहिले असे कोणी म्हणत नाही. ५५३.३३ मीटर उंचीचा हा मनोरा १९७६ मध्ये लोकांसाठी खुला झाला आणि दुबईच्या बुर्ज खलिफाचे बांधकाम २००७ मध्ये त्याच्या वर जाईपर्यंत, बाहेरचा आधार न घेता उभ्या असलेल्या बांधकामांमध्ये जगात सर्वांत उंच होता. तो केवळ मिरवण्यासाठी बांधलेला नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या काळात शहराच्या मध्यभागी एकामागून एक उंच इमारती उभ्या राहत होत्या, त्यांच्यामुळे रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या लहरी अडत होत्या, आणि या सगळ्या इमारतींच्या डोक्यावरून प्रक्षेपण करता यावे म्हणून कॅनेडियन नॅशनल या रेल्वे कंपनीने तो उभारला. काचेची लिफ्ट ५८ सेकंदांत वर नेते. वरच्या सज्ज्याच्या एका भागात पायाखाली काचेची जमीन आहे. आईने आधी बुटाचे टोक पुढे करून ती काच चाचपली, मग माझा दंड घट्ट धरून एक पाऊल टाकले, खाली मुंगीएवढ्या दिसणाऱ्या मोटारींकडे क्षणभर पाहिले आणि लगेच मागे सरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. हा अनुभव एकदा नक्की घ्यावा. मात्र तिकीट माणशी चाळीस डॉलरांहून अधिक आहे, आणि ओंटारिओ प्रांतात फलकावरच्या किमतीत १३ टक्के एचएसटी हा विक्रीकर धरलेला नसतो हे नव्याने आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे चौघांच्या कुटुंबाचा खर्च दोनशे डॉलरांच्या आसपास जातो. ढग खाली उतरले असतील तर वर फक्त पांढरा पडदा दिसतो, म्हणून तिकीट फार आधी काढून ठेवण्यापेक्षा आदल्या दिवशी आकाश पाहून काढावे आणि शक्य असल्यास सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्यावी. पायथ्याशी २०१३ मध्ये सुरू झालेले रिप्लीज मत्स्यालय आहे. तेथे सरकत्या पट्ट्यावर उभे राहून काचेच्या बोगद्यातून जाताना डोक्यावरून शार्क पोहत जातात. आमची मुलगी सात वर्षांची असताना तिला ते चार वेळा पाहायचे होते, मोठ्यांना एकदा पुरले. टॉवरवर दुसऱ्यांदा जावेसे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही.

बेटांचे तसे नाही. टोरंटोसमोरच्या बेटांवर जाणे ही माझ्या मते या शहरातली सर्वोत्तम करमणूक आहे, आणि ती स्वस्तही आहे. बे स्ट्रीट जेथे ओंटारिओ सरोवराला भिडतो तेथे जॅक लेटन यांच्या नावाचा फेरी धक्का आहे. उन्हाळ्यात तेथून तीन ठिकाणी बोटी सुटतात: मध्यभागी सेंटर आयलंड, पूर्वेला वॉर्ड्स आयलंड आणि पश्चिमेला हॅनलान्स पॉइंट. मोठ्या माणसाचे जाण्यायेण्याचे तिकीट नऊ-दहा डॉलरांच्या घरात आहे. ते शहराच्या बाजूलाच एकदा घेतले जाते, परतताना कोणी विचारत नाही, त्यामुळे संध्याकाळी कोणत्या बोटीने आणि बेटाच्या कोणत्या टोकावरून परतायचे याची मोकळीक राहते. बोटीही पाहण्यासारख्या आहेत. विल्यम इंग्लिस ही १९३५ ची, सॅम मॅकब्राइड १९३९ ची आणि थॉमस रेनी १९५१ ची. ट्रिलियम नावाची वाफेवर चालणारी, बाजूला चाके असलेली बोट तर १९१० सालची आहे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने गेलेल्या माणसाला त्या इंजिनाची धडधड, लोखंडी कठडा आणि रंगाचे थरावर थर चढलेली लाकडी बाके लगेच ओळखीची वाटतात. फरक एवढाच, की येथे मागे वळून पाहिले की पाण्याच्या कडेला सगळे शहर एका ओळीत उभे असते, आणि टॉवर पाहायची खरी जागा त्याच्या डोक्यावर नसून या बोटीच्या मागच्या कठड्यापाशी आहे हे तेव्हा पटते.

ही बेटे मुळात बेटे नव्हती. पूर्वेकडच्या स्कारबरोच्या कड्यांची माती आणि वाळू सरोवराच्या प्रवाहाने शतकानुशतके वाहून आणली, तिचा लांब दांडा तयार झाला, आणि १८५८ च्या वादळाने तो मुख्य भूमीपासून तोडला. ही हकीकत वडिलांना इतकी आवडली, की पुढे ते कडे पाहायला आम्ही मुद्दाम ब्लफर्स पार्कला गेलो आणि ते तासभर त्या फिकट मातीच्या भिंतीकडे पाहत बसले होते. बेटांवर खासगी मोटारींना परवानगी नाही. वॉर्ड्स आणि शेजारच्या अल्गॉनक्विन बेटावर लहान लहान लाकडी घरांची वस्ती आहे. तेथली माणसे वाणसामान हातगाडीतून किंवा सायकलमागच्या डब्यातून नेतात. एकदा बोटीतून उतरताना आमच्यापुढे एक बाई चालल्या होत्या; त्यांच्या हातगाडीत टोमॅटोचे रोप, पिठाची पिशवी आणि या दोहोंच्या मध्ये पाय पोटाशी घेऊन झोपलेले दोनेक वर्षांचे मूल होते. रस्त्यात गाडीचे चाक खड्ड्यात गेले तरी मूल जागे झाले नाही, आणि माझी आई त्या बाईंकडे पाहून अशी हसली की भाषा येत नसूनही दोघी बरोबर चालत वस्तीच्या फाटकापर्यंत गेल्या.

ज्यांना बेटांची गर्दी नकोशी वाटते ते बहुधा रविवारी दुपारी सेंटर आयलंडच्या बोटीच्या रांगेत उभे राहिलेले असतात. लहान मुले असतील तर सेंटर आयलंड टाळता येत नाही, कारण सेंटरव्हिल ही १९६७ पासूनची लहान मुलांची पाळणे-गाड्यांची बाग तेथेच आहे. परंतु वडीलधाऱ्यांबरोबर जायचे असेल तर सकाळची वॉर्ड्सची बोट घ्यावी, दक्षिणेच्या किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या वाटेने पश्चिमेकडे चालत निघावे, थकवा येईल तेथे बाकावर बसावे आणि परत यावे. त्या बाजूला शहर दिसत नाही, पलीकडचा काठही दिसत नाही. समुद्राकाठी बसल्यासारखे वाटते, फक्त वाऱ्याला मिठाचा वास नसतो. पाय चांगले असतील तर १८०८ सालच्या जिब्राल्टर पॉइंट दीपगृहापर्यंत आणि पुढे हॅनलान्स पॉइंटपर्यंत जाता येते. येथेच १९१४ मध्ये बेब रूथ या प्रसिद्ध अमेरिकी बेसबॉलपटूने व्यावसायिक कारकिर्दीतली पहिली होम रन मारली होती. हॅनलान्सच्या किनाऱ्याच्या एका भागात कपड्यांचे बंधन नाही आणि तसा फलक तेथे लावलेला आहे. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच जाणून असावे म्हणून स्पष्ट लिहिते. खाण्याचे पर्याय थोडे आणि महाग आहेत, तेव्हा डबा घरूनच न्यावा. स्वच्छतागृहे बरीच अंतराअंतरावर आहेत, आणि पश्चिमेच्या टोकाला असलेल्या छोट्या विमानतळामुळे अधूनमधून विमानांचा आवाज येतो. हिवाळ्यात फक्त वॉर्ड्सची बोट चालते. जानेवारीत, बोटीच्या नाकाखाली बर्फाचे पातळ पापुद्रे करकरत फुटत असताना केलेला तो प्रवास मला उन्हाळ्यातल्या प्रवासापेक्षाही अधिक आवडतो.

पाण्यावरची करमणूक म्हणून आम्ही एकदा एका खासगी कंपनीची भोजनासहित जलसफरही केली होती. वरच्या मजल्यावर बसायला जागा मिळेल असे तिकीट काढताना सांगितले होते. प्रत्यक्षात खुर्च्या अपुऱ्या होत्या आणि पंचाहत्तरीचे वडील जवळजवळ तासभर कठड्याला धरून उभे राहिले. तक्रार केल्यावर पुढच्या खेपेला सवलत देऊ असे उत्तर आले, आणि ती पुढची खेप आम्ही घेतली नाही. कोणत्याही जलसफरीचे तिकीट काढण्यापूर्वी आसन राखीव आहे की केवळ प्रवेश आहे हे लेखी विचारून घ्यावे, एवढीच सूचना करते.

नाटकाचे वेड असलेल्या मराठी माणसाने टोरंटोत एक वास्तू चुकवू नये, आणि ती कोणत्याच पाहुण्यांच्या यादीत नसते याचे मला वाईट वाटते. यंग स्ट्रीटवर एल्गिन आणि विंटर गार्डन ही दोन नाट्यगृहे एकाच इमारतीत एकावर एक बांधलेली आहेत. १९१३ मध्ये खालचे आणि १९१४ मध्ये वरचे सुरू झाले. खालचे सोनेरी नक्षीचे आणि लाल मखमलीचे, जसे जुने युरोपीय नाट्यगृह असावे तसे. वरचे मात्र, जमिनीपासून सात मजले उंच, एखाद्या बागेसारखे सजवलेले. त्याच्या छताला बीच वृक्षाच्या खऱ्या, वाळवलेल्या पानांच्या फांद्या दाटीवाटीने टांगलेल्या आहेत, त्यांच्यामधून लहान कंदील लोंबतात, खांबांना झाडांच्या खोडांचे रूप दिले आहे आणि भिंतींवर हाताने वेली आणि फुले रंगवली आहेत. त्या काळी गाणी, विनोद, जादू, कसरती अशा मिश्र कार्यक्रमांना येथे गर्दी होत असे. पुढे चित्रपट आला, गर्दी ओसरली, आणि १९२८ मध्ये वरच्या नाट्यगृहाला कुलूप लागले. ते सुमारे साठ वर्षे तसेच राहिले. नंतर प्रांताच्या वारसा संस्थेने इमारत विकत घेतली, दुरुस्ती केली आणि १९८९ मध्ये दोन्ही नाट्यगृहे पुन्हा उघडली. भिंतींवरचे चित्रकाम पाण्यात विरघळणाऱ्या रंगांचे होते, ओल्या फडक्याने पुसले असते तर फुलेही निघून गेली असती. म्हणून कारागिरांनी पावाच्या कच्च्या कणकेचे गोळे भिंतीवर अलगद फिरवून दशकांची काजळी टिपून घेतली.

मार्गदर्शकाबरोबर इमारत पाहण्याची सोय आहे आणि आम्ही प्रथम तसेच गेलो. वडिलांनी तरुणपणी हौशी रंगभूमीवर काम केलेले असल्याने, नेपथ्य ठेवण्याची जागा आणि कलाकारांच्या खोल्या दाखवताना ते मार्गदर्शक मुलीला थांबवून प्रश्न विचारत होते आणि मी भाषांतर करत होते. सगळे बाहेर पडल्यावर ते मागे राहिले. मी परत आत गेले तेव्हा शेवटच्या रांगेत बसून ते छताकडे पाहत होते, म्हणाले, "साठ वर्षे तिसरी घंटा झाली नाही बघ इथे." पुढच्या खेपेला मी तेथल्या एका प्रयोगाची तिकिटे काढली. संवाद अर्धेच कळले, तरी मध्यंतरात ते जागेवरून उठले नाहीत. तिकिटांचे दर प्रयोगागणिक फार बदलतात, पण मागच्या रांगांतूनही रंगमंच उत्तम दिसतो, तेव्हा महागड्या जागांचा आग्रह धरू नये.

चित्रपटांसाठी सप्टेंबरमधला आंतरराष्ट्रीय महोत्सव प्रसिद्ध आहे. तो १९७६ मध्ये सुरू झाला आणि २०१० पासून त्याचे स्वतःचे पाच पडद्यांचे लाइटबॉक्स हे चित्रपटगृह किंग स्ट्रीटवर आहे. महोत्सवाच्या दिवसांतल्या रांगा आणि दर पाहता, चित्रपटावर प्रेम करणाऱ्याने वर्षभर तेथे जे जुने, निवडक चित्रपट दाखवले जातात त्यांना जावे. भारतीय चित्रपटांशी या शहराचे नाते त्याहून जुने आहे. जेरार्ड स्ट्रीटवर १९७२ मध्ये नाझ हे हिंदी चित्रपटांचे चित्रपटगृह सुरू झाले, त्याच्याभोवती साड्यांची, मिठायांची आणि कॅसेटची दुकाने उभी राहिली, आणि तीच आजची भारतीय बाजारपेठ. चित्रपटगृह राहिले नाही, बाजाराची रयाही आता ब्रॅम्प्टन आणि मिसिसॉगाकडे गेली आहे. तरीही मक्याची भाजलेली कणसे आणि पान खात एक संध्याकाळ तेथे चालण्यात आनंद आहे.

संग्रहालयांपैकी रॉयल ओंटारिओ म्युझियम सर्वांना माहीत असते. डॅनियल लिबेस्किंड यांनी जुन्या दगडी इमारतीला २००७ मध्ये जोडलेला काचेचा आणि धातूचा स्फटिकासारखा भाग मला बाहेरून कधीच आवडला नाही. आतल्या तिरक्या भिंतींमुळे वस्तू मांडायला जागा कमी पडते असेही वाटते. परंतु डायनोसॉरच्या दालनासाठी ते सगळे माफ आहे. तेथे बॅरोसॉरसचा सुमारे २७ मीटर लांबीचा सांगाडा आहे, आणि त्याची हाडे संग्रहालयाच्या स्वतःच्याच कोठारात कित्येक दशके विसरून पडलेली होती, ती २००७ मध्ये सापडली. मुलीने ही गोष्ट शाळेत इतक्यांदा सांगितली, की तिच्या वर्गातल्या तीन मुलांना आम्हीच नंतर तेथे घेऊन गेलो. तेथून जवळच, ब्लूअर स्ट्रीटवर थोडे पश्चिमेला बाटा यांचे पादत्राणांचे संग्रहालय आहे. १९९५ मध्ये उघडलेली ही इमारत बुटाच्या खोक्यासारखी, झाकण किंचित तिरके ठेवल्यासारखी आहे. बाटा ही आपल्याकडचीच कंपनी अशी बहुतेक मराठी माणसांची पक्की समजूत असते; आईचीही होती, आणि आज चेकियात असलेल्या झ्लिन गावच्या चांभारकाम करणाऱ्या घराण्याने १८९४ मध्ये ती सुरू केली व महायुद्धाच्या काळात ते कुटुंब कॅनडात आले, हे वाचून ती बराच वेळ त्या फलकासमोर उभी होती. हैदराबादच्या निजामाच्या रत्नजडित मोजड्यांपासून फ्रान्समध्ये चेस्टनटची टरफले फोडण्यासाठी घालत असलेल्या लांब खिळ्यांच्या बुटांपर्यंत येथे सगळे आहे. दोन तासांत आरामात पाहून होते, बसायला जागा आहे, गर्दी नसते. लहान संग्रहालयाकडून याहून अधिक काय हवे?

तरीही एकच संग्रहालय निवडायचे झाले तर मी आगाखान म्युझियम निवडेन, आणि तेही अर्धे त्याच्या अंगणासाठी. डॉन मिल्स भागात महामार्गाच्या कडेला २०१४ मध्ये दोन इमारती समोरासमोर उभ्या राहिल्या: एक जपानी वास्तुकार फुमिहिको माकी यांचे हे पांढऱ्या ग्रॅनाइटचे संग्रहालय आणि दुसरी चार्ल्स कोरिआ यांचे इस्माइली केंद्र. कोरिआ म्हणजे मुंबईचे कांचनजंगा आणि पुण्याचे आयुका बांधणारे, नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या प्रार्थनागृहाचे काचेचे उंच छत बाहेरून एखाद्या पैलू पाडलेल्या खड्यासारखे दिसते, आणि मधल्या बागेतल्या काळ्या दगडाच्या चौकोनी कुंडांत दोन्ही इमारतींचे प्रतिबिंब पडते. आमचे एक पुण्याचे काका निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत. ते त्या कुंडांच्या कडेला वाकून दगडाच्या काठावरून पाणी किती एकसारखे ओघळते ते बोट लावून पाहत होते आणि उतार इतका अचूक ठेवणाऱ्या गवंड्याचे कौतुक करत होते. आत शाहनामा या फारसी महाकाव्याची चित्रित पाने, मुघल लघुचित्रे, कुराणाच्या हस्तलिखित प्रती आणि खापराची भांडी आहेत. प्रकाश मंद ठेवलेला असतो, शांतता असते, आणि मांडणीत घाई नाही. मध्यवर्ती शहरापासून दूर असल्याने लोक जात नाहीत, पण बसने जाता येते आणि बागेत बसायला तिकीट लागत नाही.

याच भागातले, आमच्या घरी सर्वाधिक फेऱ्या झालेले ठिकाण आता बंद आहे. रेमंड मोरियामा यांनी दरीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे ओंटारिओ सायन्स सेंटर बांधले आणि ते १९६९ मध्ये उघडले. कळ दाबा, चाक फिरवा, स्वतः करून पाहा, असे विज्ञान तेथे होते. २१ जून २०२४ रोजी छताच्या काँक्रीटच्या फळ्यांचा धोका सांगून प्रांत सरकारने ते त्याच दिवशी बंद केले. नवे केंद्र सरोवराकाठी ओंटारिओ प्लेसला होणार आहे. मुलीने तेथे नातेवाइकांच्या तीन पिढ्यांना हात धरून फिरवले होते, आणि स्थिर विजेच्या गोळ्यावर हात ठेवल्यावर आजीचे पांढरे केस उभे राहिलेला फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. जुन्या याद्या वाचून कोणी तेथवर जाऊ नये, म्हणून हे नोंदवणे आवश्यक वाटते.

कॅनडाज वंडरलँड शहराच्या उत्तरेला व्हॉन येथे आहे आणि १९८१ पासून चालू आहे. लेव्हायथन हा ९३ मीटर उंचीचा, ताशी १४८ किलोमीटर वेगाचा पाळणा (रोलर कोस्टर) पाहिला तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि मुलगी व तिच्या मैत्रिणी त्यात एकामागून एक पाच वेळा बसतात. तेरा ते वीस वयोगटासाठी या परिसरात याहून चांगली जागा नाही. जे पाळण्यात बसणार नाहीत त्यांनाही प्रवेशाचे पूर्ण तिकीट लागते आणि बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, त्यामुळे आजीआजोबांना सावली धरून बसवण्यासाठी तेथे नेऊ नये. वर्षातून दोनदा जायचे असेल तर हंगामी पासच परवडतो.

त्या पैशात आजीआजोबांसाठी हाय पार्क कितीतरी मोलाचे आहे, आणि तेथे पैसेच लागत नाहीत. १६१ हेक्टरचे हे उद्यान जॉन हॉवर्ड या वास्तुकाराने शहराला दिलेल्या जमिनीवर आहे. टोकियोच्या नागरिकांनी १९५९ मध्ये भेट दिलेली चेरीची झाडे एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला फुलतात, बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, आणि त्या आठवड्यात सगळे शहर तेथे लोटते. सकाळी सातच्या आत पोहोचल्यास पाकळ्यांनी भरलेल्या वाटेवर आपल्याशिवाय फारसे कोणी नसते. दहानंतर फोटो काढणाऱ्यांच्या पाठीच दिसतात. मोटार नेण्याचा विचारही करू नये, भुयारी रेल्वेचे हाय पार्क स्थानक दाराशी आहे. बहर ओसरल्यानंतरचे उद्यान मला जास्त आवडते: ग्रेनेडियर तळ्याकाठी गळ टाकून बसलेली माणसे, ओकच्या झाडीतून जाणाऱ्या चढउताराच्या वाटा, आणि १९८३ पासून उन्हाळ्यात खुल्या आकाशाखाली होणारी शेक्सपिअरची नाटके.

हिवाळ्यात पाहुण्यांना घरात कोंडून ठेवावे लागते हा समज चुकीचा आहे. पालिकेच्या मुख्यालयासमोरच्या नेथन फिलिप्स चौकात उन्हाळ्यातल्या हौदाची हिवाळ्यात स्केटिंगची जागा होते. प्रवेश मोफत आहे, स्केट भाड्याने मिळतात, आणि शहरात पालिकेच्या अशा पन्नासहून अधिक उघड्या जागा आहेत. आई अर्थात बर्फावर उतरली नाही; पण ठरावीक वेळाने सगळ्यांना बाजूला करून झांबोनी नावाचे यंत्र येते, ओरखडलेला बर्फ तासते आणि त्यावर गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जाते, तेव्हा ती कठड्यापाशी येऊन उभी राहायची. म्हणायची, "अगदी अंगण सारवल्यासारखे दिसते ग." मग ते ओले, काळसर चकाकणारे अंगण हळूहळू पांढरे होईपर्यंत सगळे थांबतात आणि मुले पुन्हा धावत सुटतात. मुलगी स्केटिंग याच कठड्याला धरून शिकली.

खर्चाबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. टीटीसी या शहर वाहतूक संस्थेच्या बस, ट्राम आणि भुयारी रेल्वेला प्रेस्टो कार्डावर ३ डॉलर ३० सेंट लागतात, त्यात दोन तास हवे तसे चढता-उतरता येते आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. मध्यवर्ती भागातल्या पार्किंगचे दर पाहता मोटार घरीच ठेवणे शहाणपणाचे. दुसरे म्हणजे, सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डावर शहरातल्या बऱ्याच संग्रहालयांचे मोफत कौटुंबिक पास मिळतात. पास मर्यादित असतात, लवकर संपतात, तेव्हा नियमितपणे पाहत राहावे लागते. आम्ही बाटा संग्रहालय आणि आगाखान म्युझियम प्रथम अशाच पासांवर पाहिले.

आणखी एका जागेचे नाव घेते, कारण ती मोफत आहे, मध्यवर्ती आहे आणि वडिलांनी शेवटच्या खेपेला सर्वाधिक वेळ तेथे घालवला. ॲलन गार्डन्समध्ये काचेची सहा हरितगृहे एकमेकांना जोडलेली आहेत, त्यांतले घुमटाचे ताडगृह १९१० चे आहे. भोवतालचा परिसर थोडा अस्वच्छ आणि निराधार माणसांच्या वस्तीचा आहे हे खरे, पण दिवसा जायला काहीच अडचण नाही. फेब्रुवारीत बाहेर उणे पंधरा असताना आत शिरले की चष्म्यावर वाफ धरते आणि ओल्या मातीचा वास येतो. वडील चष्मा मफलरने पुसत, कोट काढून हातावर घेत आणि केळीच्या झाडाजवळच्या बाकावर मराठी पुस्तक उघडून बसत. मी दोन तासांनी कामावरून न्यायला गेले की विचारत, "झाली एवढ्यात सुट्टी?"